आडोसा

“ट्रेकवर लिही, पण प्रवासवर्णन नको. धुकं, धबधबे आणि कांदाभजी पुरे झाली!” मराठी विभागाच्या संपादिकेने अशी तंबी दिली आणि माझं अर्धं भांडवल तिथेच संपलं. मग विचार केला, ट्रेकमधल्या ज्या भागावर कुणी लिहीत नाही त्यावर लिहावं. तो भाग म्हणजे रात्र. दिवसभर किती चाललो हे सगळेच रंगवून सांगतात, पण पाठ कुठे टेकली हे एका वाक्यात उरकतात. “देवळात मुक्काम केला.” संपलं! पण ते देऊळ तिथे नसतं तर? देऊळ असतं, पण आत कोरडी जागा नसती तर? या प्रश्नाचं उत्तर मला एकदा फार जवळून दिसलं आहे, म्हणून हा लेख. सिव्हिलवाल्यांनी तरी पूर्ण वाचावा ही विनंती. इतरांनी आकडे गाळून वाचले तरी चालेल.

रांगण्यावरची संध्याकाळ

मी मूळचा मालवण तालुक्यातला. ऑक्टोबरात युनिट टेस्ट संपली आणि चार मित्र माझ्याकडे आले. दोन दिवस समुद्र आणि मासे झाले, तिसऱ्या दिवशी रांगण्याचा बेत ठरला. रांगणा ऊर्फ प्रसिद्धगड नकाशावर कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यात दिसतो, पण कोकणातून चढायचं तर कुडाळ तालुक्यातल्या नारूर गावातून वर जावं लागतं. सकाळच्या बांगड्याच्या तिखल्यामुळे ठरलेली एसटी चुकली आणि आम्ही चढायला लागलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता.

चारच्या सुमाराला परतीच्या पावसाने गाठलं. ढगांचा गडगडाट आणि थेंब असे की डोक्यावर कुणी वाळू ओततंय. रेनकोट होते, पण घाम आतून आणि पाणी बाहेरून, त्यामुळे असून नसल्यासारखेच. गडावर पोचलो तेव्हा अंधार पडत होता. रांगणाई देवीच्या देवळात शिरलो आणि हुश्श केलं.

आमच्यातला एक जण (नाव देत नाही, मॅगझिन त्याच्या घरी जातं) जीन्स आणि सुती टी-शर्टवर आला होता. आधी तो कुडकुडत होता, तेव्हा आम्ही त्याची टर उडवली. मग त्याचं कुडकुडणं कमी झालं आणि आम्हाला वाटलं, चला, बरं वाटतंय. पण त्याला बुटाची नाडी सोडता येईना. “काय रे?” म्हटलं तर उत्तर जड जिभेने, अर्धवट. तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला. खाली उतरायला दोन-अडीच तास, अंधार, निसरडी वाट आणि फोनला रेंज नाही.

देवळाच्या मागच्या बाजूला, पाऊस पोचणार नाही अशा कोपऱ्यात, एकाला लाकडं सापडली. खाली दगड मांडून जमिनीपासून वीतभर उचललेली, वर जुनं प्लॅस्टिक टाकलेलं, आणि शेजारी पत्र्याच्या डब्यात काडेपेटी. कुणी ठेवली, कशासाठी ठेवली, असले प्रश्न त्या वेळी पडले नाहीत. मित्राचे ओले कपडे काढले, सगळ्यांचे मिळून जे काही कोरडं होतं ते त्याला घातलं, दोन स्लीपिंग बॅगांत गुंडाळला, उघड्या बाजूला आडोशात शेकोटी केली आणि गुळाचा चहा पाजला. तासाभराने त्याने आम्हाला शिवी दिली. इतकी गोड शिवी मी आजवर ऐकलेली नाही.

रात्रभर आम्ही ती लाकडं जाळली. सकाळी एसटीची घाई. कचरा पिशवीत भरला, देवीला नमस्कार केला आणि निघालो. कोपऱ्यात उरले होते ते फक्त खालचे दगड.

नारूरला एका घराच्या अंगणात पाणी मागितलं. तिथले आजोबा म्हणाले, “झिलांनू, काल रातीच्या पावसात वर होत्यात? लाकडा गावली मा?” आम्ही होय म्हटलं. “जाळल्यात ता बरा केल्यात. पन दुसरी ठेवल्यात मा? आदल्यान ठेवलेला मागल्याक गावता.” आमच्यातला एक जण पटकन म्हणाला, “होय आजोबा, ठेवली.”

तो एक जण मीच.

थंडीचं गणित

घरी आल्यावर प्रश्न पडला, कोकणात, ऑक्टोबरात, माणूस थंडीने इतका कसा गळतो? बर्फ नाही, गोठवणारं तापमान नाही. थर्मोडायनॅमिक्सची वही काढली (केटीसाठी जपून ठेवली होती) आणि उत्तर मिळालं.

स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं, म्हणजे जुन्या काळच्या एका बल्बाएवढी. ओल्या कपड्यांत अर्धा लिटर पाणी आहे असं धरा. ते अंगावरच वाळायचं तर प्रत्येक किलोला सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे अर्ध्या लिटरला १.२ मेगाज्यूल. १०० वॅटने एवढी उष्णता तयार करायला १२,००० सेकंद लागतात, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. ही सगळीच उष्णता शरीरातून जाते असं नाही, काही हवाही देते. पण शरीराच्या तुटपुंज्या कमाईवर केवढा बोजा पडतो ते कळतं. त्यात वारा बाष्पीभवन वाढवतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट चांगलं उष्णतावाहक असल्यामुळे ओला कपडा अंगाला चिकटून उष्णता बाहेर काढत राहतो. आणि दगडी फरशीवर बसलं की खालूनही गळती.

म्हणून अंगावर ओल आणि वारा असेल तर पंधरा-अठरा अंश तापमानालाही माणूस गारठू शकतो. कुडकुडणं हा शरीराचा जनरेटर आहे. गारठलेल्या माणसाचं कुडकुडणं थांबलं, पण बोलणं अडखळतंय, बोटं चालत नाहीत, तर तो बरा झालेला नसतो, जनरेटर बंद पडलेला असतो. अशा वेळी ओले कपडे काढणं, कोरडं गुंडाळणं, खाली काहीतरी अंथरणं आणि माणूस शुद्धीत असेल तर गरम गोड पेय देणं, या क्रमाने जावं. दारू अजिबात नाही, आणि हातपाय जोरजोरात चोळणंही नाही.

थोडक्यात, डोंगरातल्या निवाऱ्याची कामं तीनच. पाऊस अडवणं, वारा अडवणं आणि जमिनीपासून वेगळं ठेवणं. पलंग, पंखा, चार्जिंग पॉइंट हे सगळं हॉटेलचं काम.

आजीचं डिझाइन

ही तीन कामं मला पुस्तकाआधी आजीने शिकवली होती, फक्त तेव्हा कळलं नव्हतं. आजीचं माहेर आचऱ्याचं. मालवण तालुक्यातल्या या गावाची गावपळण प्रसिद्ध आहे. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर पडतं आणि तीन दिवस, तीन रात्री बाहेर झोपड्या बांधून राहतं. परत कौल झाला की घरी.

लहानपणी एकदा मीही त्या झोपडीत राहिलो आहे. आम्हा पोरांना ती सहल होती, पण आजी साइट इंजिनीअर झाली होती. मामाने दार पूर्वेकडे ठेवलं, तर तिने ते फिरवून घेतलं. आपल्या किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात आणि रात्री जमिनीकडून मतलई वारे. भूगोलात पाठ केलेलं, पण तिला ते पाठीला लागलेलं. रात्री झोपायचं तर पाठ पूर्वेला हवी. खाली आधी जाड पेंढा, मग चटई. छपराच्या झावळा अशा उताराने की दव पडलं तरी ओघळून बाहेर जावं. आणि चूल झोपडीच्या बाहेर. “घर नसला तरी चलात, आडोसो व्हयो,” हे तिचं वाक्य. आमच्या बिल्डिंग कन्स्ट्रक्शनच्या पुस्तकात निवाऱ्याची व्याख्या याहून लांब आहे, चांगली नाही.

सह्याद्रीतले निवारे

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे डोंगरात निवारे आहेतच कुठे? आहेत, फक्त त्यावर तशी पाटी नाही. देवळाचा सभामंडप, ओवरी, गुहा, वाडीतली शाळा आणि आमच्याकडचा मांगर, म्हणजे बागेत किंवा शेतात अवजारं, गवत ठेवायला बांधलेली खोपटवजा खोली. यांतलं काहीच ट्रेकरसाठी बांधलेलं नाही, आणि तरी आपण वर्षानुवर्षं तिथेच झोपतो.

वाटसरूंसाठी मुद्दाम केलेली सोयही आपल्याकडे जुनी आहे. इथून खूप उत्तरेला, जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातलं लेणं आहे. राणी नागनिकेच्या शिलालेखासाठी ते प्रसिद्ध. पण जवळच कातळात खोदलेली पाण्याची टाकीही आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी बैल आणि माणसं घाट चढून दमायची तिथेच छप्पर आणि पाणी होतं. पुढच्या काळात अहिल्याबाई होळकरांनी (राज्यकारभार १७६७ ते १७९५) भारतभरच्या तीर्थांच्या ठिकाणी धर्मशाळा, विहिरी आणि घाट बांधले. मुक्कामाची सोय करणं हे पुण्याचं काम मानलं जायचं.

छप्पर आणि पाणी ही जोडी महत्त्वाची. आंबोलीला वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे एका चौरस मीटरवर सात हजार लिटर! देवळाचं छप्पर २० चौरस मीटरचं धरलं तर त्यावरून वर्षाला एक लाख चाळीस हजार लिटर पाणी वाहून जातं. आणि एप्रिलमध्ये त्याच डोंगरावर घसा ओला करायला पाणी शोधावं लागतं, कारण उतारावर ते थांबतच नाही. किल्ले बांधणाऱ्यांनी म्हणूनच टाकी खोदली. तीन मीटर लांब, तीन रुंद आणि दोन खोल असं टाकं १८ हजार लिटर धरतं. पाच जणांना रोज पंचवीस लिटर लागलं तर कागदावर ७२० दिवस पुरेल. कागदावर अशासाठी की ऊन त्यातलं बरंच पिऊन टाकतं. त्यावर उपाय म्हणजे खांबटाकं. कातळाच्या पोटात खोदलेलं, वर दगडाचंच छप्पर आणि त्याला खांबांचा आधार. सावलीमुळे बाष्पीभवन कमी आणि शेवाळंही कमी. मुक्कामाची जागा निवडताना आधी पाणी शोधावं आणि मग छप्पर, असं जुने ट्रेकर सांगतात ते याचसाठी.

आता थोडं न आवडणारं. पहिलं, बंद जागेत शेकोटी किंवा कोळसा पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतं. झोपलेला माणूस तसाच झोपून राहतो. दुसरं, लाकडांचा ढीग आणि दगडांच्या फटी ही फुरसं आणि विंचवांचीही घरं आहेत. लाकूड काठीने हलवूनच उचलावं. तिसरं, जिथे माणसं खातात तिथे उंदीर येतात, आणि सिंधुदुर्गात पावसाळ्यात आणि त्यानंतर लेप्टोचा धोका असतो. पायावर जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये, खाणं टांगून ठेवावं. चौथं, २०१६ पासून दोडामार्ग आणि नंतर सावंतवाडी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो. त्या भागात पाचोळ्यावर थेट आडवं होऊ नये, आणि मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावं. आणि राखीव जंगलात किंवा संरक्षित किल्ल्यावर मुक्काम करायचा तर आधी वनखात्याला आणि खालच्या गावाला विचारावं. विचारल्याने वाट कळते, आणि आपण वर गेलोय हे कुणालातरी माहीतही असतं.

बाहेरच्यांची पद्धत

अमेरिकेतली ॲपलाचियन ट्रेल ही पायवाट सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांब आहे आणि १४ राज्यांतून जाते. १९३७ साली ती सलग पूर्ण झाली. तिच्यावर अडीचशेहून अधिक निवारे आहेत. बहुतेकांचा आराखडा म्हणाल तर आजीचाच. तीन भिंती, उतरतं छप्पर, चौथी बाजू उघडी आणि जमिनीपासून उचललेली लाकडी फळ्यांची बैठक. जो आधी येईल त्याला जागा. आत एक वही असते, तिच्यात येणारा-जाणारा चार ओळी लिहितो. कुणी हरवलं तर ती वही शोध घ्यायलाही उपयोगी पडते.

न्यूझीलंडमध्ये निसर्गसंवर्धन खात्याकडे साडेनऊशेहून अधिक झोपड्या आहेत. त्यांतल्या कितीतरी गेल्या शतकाच्या मध्याला हरणं मारायला नेमलेल्या सरकारी शिकाऱ्यांसाठी बांधल्या होत्या. काम संपलं, छप्पर उरलं, ते चालणाऱ्यांना मिळालं. नॉर्वेत तर कमालच आहे. तिथली पर्यटक संघटना १८६८ सालची. तिच्या बऱ्याच झोपड्यांत राखणदार नाही. सभासदाकडे एकच ठरावीक किल्ली असते, ती बहुतेक कुलुपांना लागते. आत लाकडं आणि डबाबंद खाणं असतं. तुम्ही वापरायचं, स्वतः हिशोब करायचा, पैसे भरायचे आणि निघण्याआधी पुढच्यासाठी लाकडं फोडून ठेवायची.

हे वाचून आम्ही हॉस्टेलवर “आपल्याकडे असं चालणारच नाही” हा नेहमीचा सूर लावला. डबे पळवतील, फळ्या जाळतील, भिंतीवर बदाम काढतील, वगैरे. आणि बोलता बोलता मीच गप्प झालो. आपल्याकडे ते चालू होतंच की! कुलूप नाही, किल्ली नाही, वही नाही, पाटी नाही. कोपऱ्यात लाकडं होती, डब्यात काडेपेटी होती, आणि पद्धत एका वाक्यात होती: आदल्यान ठेवलेला मागल्याक गावता. गुरं शोधायला वर जाणारे, देवीला जाणारे, सगळे मिळून ती पाळत होते. ती मोडली आम्ही, शिकलेल्या पाच जणांनी. उद्या आमच्यासारखाच कुणी भिजून, नाडी सुटत नाही अशा अवस्थेत तिथे पोचला तर त्याला मोकळे दगड मिळणार होते.

निवारा भिंती-छपराने निम्मा होतो. उरलेला निम्मा, आधीचा माणूस निघताना काय करून गेला त्याने होतो. हा भाग कुठल्याही एस्टिमेटमध्ये येत नाही.

दोन मोळ्या

जानेवारीत आम्ही पाचही जण परत नारूरला गेलो. जंगलातून लाकूड तोडायचं नाही हे ठरलेलं, म्हणून गावातूनच न्यायचं. आजोबांच्या अंगणात जाऊन उभे राहिलो. मी म्हटलं, “आजोबा, त्या वेळी मी खोटं बोललो. लाकडं ठेवली नव्हती.”

ते म्हणाले, “माका तेव्हाच कळला. रातभर भिजलेली पोरा सकाळी सुकी लाकडा खंयसून हाडतली?” आणि घरात बघून कुणाला तरी चहा टाकायला सांगितला.

आम्ही लाकडांचे पैसे देऊ केले. त्यांनी घेतले, अगदी मोजून. दोन मोळ्या बांधून दिल्या आणि म्हणाले, “दोरी तेवढी परत हाडा.”

मोळी डोक्यावर घेऊन चढणं हे काय असतं ते शब्दांत सांगता येणार नाही, करूनच बघा. पाच-पाच मिनिटांनी खांदेपालट करत, मान अवघडत, ऑक्टोबरात लागला होता त्याच्या दीडपट वेळ लागला. ज्याच्यासाठी ती लाकडं जळली होती तो आमचा मित्र सगळ्यात जास्त वेळ मोळीखाली होता, काही न बोलता. वर पोचल्यावर दगड नीट मांडले, लाकडं रचली, प्लॅस्टिक घातलं. डब्यात नवी काडेपेटी ठेवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. आम्ही तीन महिन्यांनी आणलेला तो ढीग आम्ही एका रात्रीत संपवलेल्या ढिगापेक्षा थोडा लहानच दिसत होता.

मित्रांनो, पुढच्या ट्रेकला निघाल तेव्हा एवढंच करा. बॅगेत प्लॅस्टिकमध्ये बांधलेला एक पूर्ण कोरडा कपड्यांचा जोड ठेवा, तो काही झालं तरी चालताना घालू नका. खाली अंथरायला काहीतरी न्या. आणि निघताना मागे वळून त्या जागेकडे बघा. आपण आलो तेव्हा जे मिळालं ते पुढच्याला मिळणार आहे का, एवढं तपासा. नसेल तर एसटी चुकली तरी चालेल.

संध्याकाळी खाली उतरलो तेव्हा आजोबा अंगणातच होते. दोरी परत दिली. त्यांनी ती नीट गुंडाळली आणि खुंटीला लावली.